दहा पात्यांची मशीन

लोहाराच्या घरात घण बाई मारती, हे माझ्या नातसुनेला सांगितलं तर तिला हसूच आलं. म्हणली, "आजी, तुमी?" म्या म्हणलं, हा हात बघ. ह्या हातानं वरसानुवरसं घण मारलाय आन् कधी ऐरणीच्या बाहेर पडला न्हाय. म्हातारपणी अक्षर शिकले, तवापासून एक गोष्ट लिहून ठेवायची मनात हाय. ती माझ्या मोठेपणाची न्हाय. मी एका बाईवर जळले होते, लई जळले होते, आन् ते अजून पुरतं विझलेलं न्हाय, म्हणून लिहिते.

माझं माहेर परंड्याचं. बापाची किल्ल्याजवळ लोहारसाळ होती. सोनारीकडचे धनगर मेंढ्या कातरायच्या कातरी त्याच्याकडंच धार लावायला आणायचे. आई घण मारायची, आन् आई बाळंतीण असली की मी मारायची. लगीन होऊन धाराशिवला आले. सरकारी कागदावर उस्मानाबाद होतं, आमी मातुर धाराशिवच म्हणायचो. तुळजापूरच्या वाटेला आमची साळ, म्हणजे पत्र्याखाली एक भट्टी, एक ऐरण आन् कातड्याचा भाता. सासरचं घराणं विळ्याचं. ह्यांच्या विळ्याचे दात मोजून घ्यावे असे एकसारखे. लोक अणदूरहून चालत यायचे विळ्यासाठी.

आमचं काम कसं चालायचं ते सांगते, न्हायतर पुढचं कळायचं न्हाय. ह्यांच्या डाव्या हातात सांडशीत धरलेलं लाल लोखंड, उजव्या हातात लहान हातोडी. हातोडीनं हे जिथं टक करतील तिथं मी घण घालायचा. टक, धड. टक, धड. हळू टक म्हणजे हळू घाव. तिरकी टक म्हणजे लोखंड लांब ओढायचं. मोकळ्या ऐरणीवर दोनदा टकटक केलं की थांबायचं. नवराबायकोत तसं आमचं बोलणं कमीच, जे काय व्हायचं ते ऐरणीवर व्हायचं. भांडण झालं की दुसऱ्या दिवशी टक जरा जोरात यायची, मग मीबी घण जरा जोरात घालायची. दुपारच्या भाकरीपर्यंत मिटून जायचं.

तवा निजामाचं राज्य होतं. गावाबाहेर मोठ्या साहेबांचा बंगला होता आन् बंगल्यापुढं हराळीचं हिरवंगार मैदान. त्याला ती मंडळी चमन म्हणायची. चमन राखायला एक माळीण होती. नवरा वारला, तवा त्याचं काम तिला दिलं होतं. रोज विळा घेऊन बसायची, हाताहातानं गवत कापायची, आन् कापलेलं गवत तिच्या गाईला. तेवढा तिचा हक्कच होता. बंगल्याच्या मागं तिची खोली, दारात लोखंडी मेखेला बांधलेली तांबडी गाय. विळा आमच्याच साळंतला आन् मेखबी आमीच ठोकून दिलेली.

मग हैदराबादहून गवत कापायची मशीन आली. आगगाडीनं येडशीपर्यंत, तिथून बैलगाडीत. अर्धं गाव बघायला गेलं. दोन चाकं, ढकलायला लांब दांडा, आन् मधी एक रूळ. रुळावर पाच पाती, पीळ दिल्यासारखी तिरपी. मशीन ढकलली की रूळ फिरायचा, पाती खालच्या आडव्या पट्टीला घासून जायची आन् मधी सापडलेलं गवत तुटायचं. तुटायला पायजे होतं, तुटत नव्हतं. अर्धं कापायचं, अर्धं उपटायचं. कापलेल्याचे पुंजके पडायचे आन् पुंजक्याखालची हराळी पिवळी पडायची. बेगमसाहेबांनी कुठंतरी असं चमन बघितलं होतं की कापलेलं गवत भुशासारखं बारीक पडून तिथंच जिरतं, वर दिसतबी न्हाय आन् त्याचंच खत होतं. तसं पायजे म्हणाल्या.

हुकूम आला आमच्या ह्यांना. मशीन बंगल्याच्या बाहेर न्यायची न्हाय, तिथं येऊन करायचं. हे लहान ऐरण आन् हातभाता घेऊन निघाले. मी पदर खोचून घण उचलला, तर म्हणले, "तू कुठं? पेरणी तोंडावर आलीय, फाळ घेऊन लोक येत्यात. साळ उघडी पायजे. तिथं ठोकायचं काम न्हाय, कानशीचं काम हाय."

मी राहिले. कानशीचं काम म्हणल्यावर माझं काय बोलणं होतं.

चौथ्या दिवशी भाकरी घेऊन मीच गेले. रोज कुणाच्या तरी हाती पाठवायची, त्या दिवशी कुणी गावलं न्हाय. बंगल्याच्या भिंतीशी आले आन् पाय जागीच थांबले. आतून आवाज येत होता. टक, धड. टक, धड.

टक ह्यांची होती. ती मी झोपेतबी ओळखीन. पण धड कुणाचं? मी तर हितं भिंतीच्या बाहेर, डोक्यावर भाकरी घेऊन उभी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं कशाला सांगू, हे दुसऱ्या बाईच्या खोलीतून बाहेर पडताना दिसले असते तरी मला एवढं लागलं नसतं. मी भिंतीला कान लावून ऐकत राहिले. वाटलं, घाव चुकंल. एक तरी चुकंल. कुणाचाबी चुकतो पहिल्या पहिल्यांदा. एकबी चुकला न्हाय. वाईट मारत असती तर मी हसत आत गेले असते.

आत माळीण. लुगड्याचा काष्टा घातलेला, हात कोपरापर्यंत काजळीचे, उंच बाई, माझ्यापेक्षा वीतभर उंच. मला बघून घण खाली ठेवला आन् म्हणली, "या वयनी. दादांनी लई छान शिकवलं बघा." ह्यांना दादा म्हणायची. म्हणू दे. दादा म्हणली म्हणून घण थोडाच भावाचा होतो.

ह्यांनी मला काम दाखवलं. ह्यांच्या अंगात नवं काम आलं की लेकरू व्हायचे. मोटारीच्या तुटलेल्या कमानपाट्याचं पोलाद आणलं होतं, त्याची पाच नवी पाती ओढत होते. जुनी पाच, नवी पाच, अशी दहा पाती रुळावर बसवली की गवताचा दुप्पट बारीक तुकडा पडणार. डोकं ह्यांचं खरंच चालायचं. म्या सगळं ऐकलं आन् भाकरी ठेवून विचारलं, "कानशीचं काम होतं न्हवं?"

"पाती वाढवायची म्हणल्यावर ओढावी लागली. ही हितंच होती. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं. बाप्या माणसाला ह्या तीन शब्दांत सगळं भागतं. वाटभर माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. घरी येऊन म्या पोरींवर राग काढला, मग फाळ घेऊन आलेल्या पाटलावर काढला. रात्री हे जेवायला बसले तर भाकरी ताटात वाढली न्हाय, टाकली. ह्यांना कळलं न्हाय. हे पात्यांचंच बोलत होते.

दोन दिवसांनी हे तोंड पाडून आले. हातपायबी धुतले न्हायत, उंबऱ्यावरच बसले. दहा पाती बसवली होती, मशीन फिरवली, आन् ती आधीपेक्षा वाईट चालली. हराळी मुळासकट उपटून रुळाभोवती गुंडाळली, रूळ अडकला, चमनमधी हातभर लांबीचे टकले पट्टे पडले. म्या विचारलं, "धार कशी केली?"

"कशी म्हंजे? विळ्यासारखी. नव्या पाचांना दात पाडले. असे दात पाडलेत की बघत राहावं. जुन्यांना बी पातळ धार काढली. तरी फाडतंय."

मला तिथंच कळलं. माझ्या बापानं लावलेल्या शेकडो कातरी ह्या डोळ्यांनी बघितल्यात. विळा गवत धरून ओढतो, म्हणून त्याला दात लागत्यात. कातर ओढत न्हाय. कातरीची दोन पाती एकमेकांना सपाट घासून जात्यात आन् जे मधी येईल ते तुटतं. तिला दातबी नको आन् पातळ धारबी नको, अंग सरळ पायजे आन् दोन्हींत कागदाइतकीच फट पायजे. ही मशीन म्हणजे गोल फिरणारी कातर होती, आन् माझ्या विळेवाल्या नवऱ्यानं तिला दात पाडले होते. तेबी मोजून, एकसारखे. विळेवाल्यालाच सुचणार असली चूक.

मला कळलं आन् म्या सांगितलं न्हाय.

हे लिहिताना हात अडतोय, पण तसंच झालं. जवसाची चटणी वाढली, कांदा फोडून दिला आन् मूग गिळून बसले. मनात म्हणलं, सांगू दे की तुझ्या माळणीला. तिला लई छान शिकवलंय न्हवं, आता तिलाच विचार. दुसऱ्या दिवशीबी हे जाऊन आले, तिसऱ्या दिवशीबी. रोज थोडे थोडे खचत होते, मी रोज बघत होते आन् मला बरं वाटत होतं. असलं बरं वाटणं देवानं कुणाला देऊ नये.

मग बंगल्यावरच्या कारभाऱ्यानं चार लोकांत ह्यांना ऐकवलं की विळे ठोकणाऱ्याला मशीन काय कळणार, जुम्म्यापर्यंत बघतो, न्हायतर मशीन परत हैदराबादला. ते गावात पसरायला किती वेळ लागतो? बाजारातली माणसं हसून बघायला लागली. त्या सकाळी ह्यांनी भट्टीच पेटवली न्हाय. हातोडी ऐरणीवर आडवी ठेवली आन् तिच्याकडं बघत बसले. आमचं लगीन झाल्यापासून ती हातोडी सकाळची अशी गप पडलेली म्या बघितली नव्हती.

"ती मशीन विळा न्हाय, कातर हाय," म्या म्हणलं.

हे माझ्याकडं बघतच राहिले. म्या कुडात खोचलेली कातर आणून दाखवली, कागदाचा तुकडा कापून दाखवला. कळायला ह्यांना घोटभर पाणी प्यायाइतका वेळ लागला. उठले, हातोडी उचलली. मग थांबून म्हणले, "तुला कवापासून ठावं हाय?"

"उंबऱ्यावर बसला होता, तवापासून."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. म्या म्हणलं, "सांगते सगळं. पण घण माझा. दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार न्हाय."

"मी कवा न्हाय म्हणलं होतं?" हे म्हणले. बघा आता. ह्यांच्या लेखी घण कुणी घेतलाच नव्हता.

त्या दिवशी साळ बंद ठेवली, पोरी शेजारणीकडं दिल्या आन् आमी दोघं बंगल्यावर गेलो. रुळावरची पाती काढली. दात पाडलेली पाती पुन्हा तापवून ओढायची होती, दात मोडून अंग सपाट करायचं होतं. टक, धड. किती दिवसांनी. माझे हात आपोआप उठत होते. मी असा घण मारला की बंगल्याचे शिपाई गोळा झाले. माळीण विहिरीचं पाणी आणून लोखंड विझवायच्या डोणीत भरत होती. दुपारी जवळ येऊन म्हणली, "वयनी, दमला असाल. द्या थोडा वेळ माझ्याकडं."

"लोहाराची बाई दमत न्हाय," म्या म्हणलं.

ती बाजूला झाली. तिचे हात मोकळेच होते, ते कुठं ठेवावे तिला कळत नव्हतं. हे मला दिसलं, आन् मला लई बरं वाटलं.

पात्यांना पाणी बेतानंच दिलं, कातरीला देत्यात तेवढं. पाती लई कडक झाली की काचेसारखी तुटत्यात. दहाही पाती रुळावर बसवली. मग बापाची रीत केली. कुरुंदाची, म्हणजे धारेच्या दगडाची पूड तेलात कालवून पात्यांना फासली आन् रूळ उलटा फिरवला, तासन्‌तास, की पाती आन् पट्टी एकमेकांना घासून सारखी व्हावी. मग पुसून, खालची पट्टी पेचानं जरा जरा वर घेतली. जुन्या उर्दू कागदाची पट्टी मधी धरली, रूळ हळूच फिरवला. कागद तुटला, असा की आवाजबी आला न्हाय. हे माझ्याकडं बघून हसले. माझी फेड तिथं झाली.

साहेब बाहेर आले, बेगमसाहेब चिकाच्या, म्हणजे बांबूच्या पडद्याच्या आड उभ्या राहिल्या. ह्यांनी मशीन ढकलली. सर्र असा एकच आवाज. मागं हिरवी वाट पडत गेली, आन् त्या वाटेवर कापलेलं गवत दिसंच ना. दहा पात्यांनी त्याचा पार भुसा केला होता. तो भुसा हराळीच्या मुळाशी जाऊन बसला. चिकाच्या आडून हसण्याचा आवाज आला. बेगमसाहेबांनी आपल्या पानदानातलं पान दासीच्या हाती मला पाठवलं. मला, ह्यांना न्हाय. दासी म्हणली, कातरवाली कोण ते विचारलंय.

मी पान खात उभी होते. माळीण मशीनच्या मागं मागं चालली होती, रोजच्या सवयीनं पाटी घेऊन. वाकली. बोटांनी हराळीत चाचपलं. फणीसारखी बोटं फिरवली, आन् उठली तवा मुठीत चिमूटभर हिरवा भुसा होता. तो पाटीत टाकला. पुढं गेली, पुन्हा वाकली. चमनच्या दुसऱ्या टोकाला पोचली तरी पाटीचं बूड झाकलं न्हाय. मी ते सगळं बघत होते आन् माझं पान गोड लागत होतं.

त्यानंतर आमच्या साळंला चांगले दिवस आले. बंगल्याचं सगळं काम आमच्याकडं आलं. मशीनला महिन्यातून एकदा कुरुंद लावायला आमी दोघं जायचो. घण लागत नव्हता तरी मी घण घेऊन जायची. माळीण दिसायची, रामराम व्हायचा. दारातली गाय हळूहळू हाडं दाखवायला लागली होती. म्या बघितलं न्हाय असं म्हणणार न्हाय. बघितलं, आन् बोलले न्हाय.

पुढचा उन्हाळा संपत आला तवा एका सकाळी माळीण साळंवर आली. हातात ती मेख. आमीच ठोकलेली, वरचं कडं दोरीनं घासून चकचकीत झालेलं.

"दादा, ह्याचं खुरपं करून द्या," म्हणली.

"आन् गाय?" हे म्हणले.

"अणदूरला भावाकडं पोचवली. त्याच्या रानात बांधाचं गवत तरी हाय. हितं आता काय खाणार?"

ह्यांनी मेख घेतली, भट्टीत घातली. मला राहवलं न्हाय, म्या विचारलं, "तुला ठावं होतं का? पाती ओढायला लागलात तवा, की गवत जिरून जाणार म्हणून?"

"व्हय की. बेगमसाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, चमनवर काडी दिसायला न्हाय पायजे. मला तवाच कळलं गाईचं काय होणार."

"मग घण कशाला मारलास?"

तिनं भट्टीकडं बघितलं. म्हणली, "हुकूम होता वयनी. आन् खरं सांगू का, बरं वाटायचं. मालक होते तवा आमी दोघं मोट हाकायचो, मी विहिरीवर, ते बैलांमागं. ते ओरडले की मी दोर सोडायची. ते गेल्यापासून मला कुणी असं म्हणलं न्हाय की आता तू, आता तू. दादांची हातोडी तसं म्हणायची. चार दिवस म्हणली."

हे भाता ओढत होते, त्यांनी ऐकलं का न्हाय मला ठावं न्हाय. मला मातुर एकेक शब्द ऐकू आला. टक म्हणजे काय, हे जगात मी सोडून आणखी एका बाईला कळलं होतं. नेमकं तेच. तिला माझा नवरा नको होता, तिला ते पायजे होतं, आन् तेच माझ्याकडं होतं. दुसरं माझ्याकडं होतंच काय?

मेख लाल झाली. ह्यांनी सांडशीनं काढून ऐरणीवर ठेवली. मी घण उचलला. तेवढ्यात माळीण पुढं आली. हात पुढं केला, पण घणाला लावला न्हाय.

"वयनी, एक घाव मारू का? एकच. माझ्या गाईची मेख हाय."

ह्यांनी हातोडी वर धरली होती, ती तशीच धरून ठेवली. माझ्याकडं बघितलं न्हाय. लोखंड थंड होत चाललं होतं, लालाचं तांबडं, तांबड्याचं काळपट. एक घाव. त्यानं माझं काय जाणार होतं, सांगा.

"न्हाय," म्या म्हणलं.

ती मागं सरकली. ह्यांनी टक केली, म्या घाव घातला. टक, धड. टक, धड. मेखेचं पातं झालं, पात्याचं खुरपं झालं. एकबी घाव चुकला न्हाय. ह्यांनी मोकळ्या ऐरणीवर दोनदा टकटक केलं, मी थांबले. माळणीनं खुरपं पदरात घेतलं, अजून कोमट होतं, आन् बरं म्हणून गेली.

निजामाचं राज्य गेलं, साहेब गेले. मशीन व्हरांड्यात गंजत पडली आन् चमनवर गुडघाभर गवत वाढलं. गावातल्या सगळ्यांची जनावरं तिथं चरायची. माळीण खुरपं घेऊन बाजूच्या झाडांच्या आळ्यांत बसलेली दिसायची. तिचं जनावर त्यांत नव्हतं.

आता हे न्हायत. ऐरण नातवानं अंगणात ठेवलीय, तिच्यावर लेकरं बसत्यात. कधी कुणी तिच्यावर काय आपटलं, टक असा आवाज आला, की माझे हात मांडीवरून आपोआप उठत्यात. आन् दर वेळी पुढ्यात ती बाई उभी असती, हात पुढं करून. एकच घाव मागितला होता तिनं. म्या दिला न्हाय.